माडाखालची खेळणी, मुलांच्या हातची

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर गेले, की आदल्या दिवशी आपण समुद्राला काय दिले ते दिसते. २०१७ सालच्या गणपतीत आमच्या घरी हौसेने बाजारातून थर्माकोलचे मखर आणले होते. पांढरेशुभ्र खांब, वर कमान, कमानीवर सोनेरी वेलबुट्टी. मुले खूश, पाहुणेही खूश. पाचव्या दिवशी आमच्याच घरातल्या शहाण्या माणसांनी ते मूर्तीबरोबर पाण्यात सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नातवंडांना घेऊन विजयदुर्गच्या पुळणीवर गेल्या, मीही बरोबर होते. मूर्ती विरघळून गेली होती. दूर्वा आणि फुले भरतीने वर आणून टाकली होती. आणि त्या फुलांत आमच्या मखराचा खांब लाटेबरोबर आतबाहेर करत होता. धाकट्याने विचारले, “आजये, ह्यां बुडत कित्याक नाय?”

सासूबाई म्हणाल्या, “दर्याक तां पचणा नाय रे.”

पुढच्याच वर्षी, २३ मार्च २०१८ रोजी, राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तशी मखरे उघड विकायला मनाई झाली. पण मखराच्या जागी काय करायचे, हे मुलांना कोण दाखवणार? आमच्या घरी ते काम सासूबाईंनी अंगावर घेतले. त्यांनी जे दाखवले त्यातले बरेचसे आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी केलेले असेल. तरीही ते लिहून काढावेसे वाटले. कारण आपल्याला येते आणि आपल्या मुलांना येत नाही, अशी स्थिती झाली आहे.

ताराबाईंनी शिंपल्यांवर भागवले

घरच्या काडीकचऱ्यातून मुलांनी वस्तू करणे हा काही गरिबीचा नाइलाज नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात, समुद्रकाठीच, मोठ्या विदुषींनी ते शिक्षण म्हणून मांडले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. माँटेसरी पद्धतीची विकतची साधने महाग, ती खेड्यातल्या बालवाडीला कुठून परवडणार? तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पाने, काटक्या, माती यांचीच साधने केली. मुले शिंपले मोजून अंक शिकली, पाने लावून लहान-मोठे ओळखू लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री मिळाली. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, ही त्यांची अंगणवाडीची कल्पना पुढे देशभर पसरली.

तेव्हा, भगिनींनो, अंगणात मुलांबरोबर करवंटी घासत बसलात आणि कुणी हसले, तर हसू द्या.

सुरुवात करण्याआधी

दोन गोष्टी मुलांना आधी सांगून ठेवा. पहिली, कोयता आणि विळा मोठ्यांच्याच हाती राहील. दुसरी, झावळ्यांच्या, सोडणांच्या किंवा दगडांच्या ढिगात एकदम हात घालायचा नाही. आधी काठीने ढीग हलवायचा, मग वस्तू उचलायची. आपल्या सड्यावर फुरसे असते, ते सुक्या पानांच्या रंगात मिसळून जाते. विंचूही तिथेच. कुणाला दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता मुलाला हालचाल करू न देता सरळ दवाखान्यात न्यावे. फुरशाच्या विषावर प्रतिविषाची लस हाच इलाज आहे.

पोयेची होडी

माडाच्या फुलोऱ्यावर लाकडासारखे जे टणक आवरण असते ती पोय. सुकून खाली पडली की आपण ती चुलीत घालतो. तिचा आकार मुळातच होडीचा. न चिरलेली पोय निवडा आणि रात्रभर पाण्यात भिजत घाला, म्हणजे कापताना फुटणार नाही. देठाकडचा जाड भाग मोठ्यांनी कापून द्यावा. तो उघडा राहिला तर चिकणमातीचा गोळा दाबून बंद करावा. मध्यभागी मातीचाच दुसरा गोळा ठेवून त्यात बांबूची कामटी रोवा, ती डोलकाठी. जुन्या सुती धोतराचा तिकोनी तुकडा बांधला की शीड झाले.

आता होडी पाण्यात सोडा. बहुधा ती कलंडेल. इथे मुलांना उत्तर सांगू नका, तळाशी खडे ठेवून पाहू द्या. किती खडे ठेवले की होडी सरळ राहते आणि किती ठेवले की बुडते, हे त्यांचे त्यांना कळू द्या. गलबताच्या तळाशी जे वजन भरतात त्याला नीरम म्हणतात. तो शब्द तेव्हा सांगा, मग तो विसरला जात नाही.

विजयदुर्गच्या मुलाला होडी करता येऊ नये हे बरे दिसत नाही. वाघोटण खाडीच्या मुखावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५३ साली आदिलशाहीकडून घेतला. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. गुराबा आणि गलबते याच पाण्यात नांगरलेली असत. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर चाल केली, तेव्हा ते आरमार बंदरातच जळून गेले. होडी सोडता सोडता हा इतिहास मुलांना सांगावा. आणखी एक गोष्ट सांगावी. अरबी समुद्रातल्या जुन्या नौकांच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीने शिवत असत. खाऱ्या पाण्यात काथ्या लवकर कुजत नाही. आपण सोडण म्हणून जे फेकतो, त्यातूनच तो निघतो.

झावळीची भिंगरी आणि पिपाणी

माडाची हिरवी पात घ्या आणि मधला हीर काढा. पातीच्या दोन लांब पट्ट्या मिळतात. भिंगरीसाठी वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून मधोमध हिराने टोचा. चारही पाती एकाच दिशेने किंचित पिळा. हिराच्या टोकाला भेंडीच्या देठाची चकती अडकवा म्हणजे पाती निसटणार नाहीत. भिंगरी घेऊन वाऱ्याकडे तोंड करून धावले की ती फिरते. पाती उलटसुलट पिळल्या तर फिरत नाही. का फिरत नाही, ते मुले स्वतः शोधून काढतात.

पिपाणीसाठी पट्टी एका टोकापासून तिरकी गुंडाळत जा. आधी बोटाएवढी बारीक, मग हळूहळू रुंद, नरसाळ्यासारखी. शेवटचे टोक हिराने टोचून घट्ट करा. बारीक तोंडात पातीचा दुमडलेला छोटा तुकडा जिभेसारखा बसवा आणि ओठांत किंचित दाबून फुंका. पहिल्या दिवशी नुसती हवा जाते, आवाज दुसऱ्या दिवशी येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी आपल्याला झोप मिळत नाही, एवढे सोसावे.

उरलेले हीर फेकू नका. तेच जमवून खराटा होतो. मोठ्या मुलांना तो बांधायला शिकवा. त्याने घरचे काम होते, चार जास्त बांधले तर विकलेही जातात.

कोयीची पिपाणी

हा देवगड तालुक्यातल्या मुलांचा पावसाळ्यातला हक्काचा खेळ. आंब्याचा हंगाम संपला की परसात टाकलेल्या कोयी पावसात रुजतात. बोटभर कोंब आलेली कोय घ्या आणि वरचे कठीण कवच सोलून काढा. आतल्या गराच्या दोन डाळी चिकटलेल्या असतात. गराचे एक टोक जांभ्या दगडावर पाणी टाकत घासा. घासता घासता दोन डाळींमधली फट उघडते. धुऊन त्या फटीतून फुंकले की आवाज निघतो. चव तुरट असते, पण मुलांना तिचे काही वाटत नाही.

हा खेळ आपलाच आहे असे नाही. बंगालची मुलेही तो खेळतात. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीची मुलांसाठी जी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिचे नावच ‘आम आँटिर भेंपू’ म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी असे आहे. तिची चित्रे सत्यजित राय यांनी काढली होती.

मात्र घरात कोय कलमे बांधत असतील तर मुलांनी आधी विचारावे. कलमासाठी लागणारी कोयही अशीच नुकती रुजलेली असते. एका वर्षी आमच्याकडे कलमासाठी ठेवलेल्या दोन डझन कोयींच्या पिपाण्या झाल्या, आणि घरात बरेच बोलणे झाले.

करवंटीत रोपवाटिका

नारळ फोडला की तीन डोळ्यांचा अर्धा भाग बाजूला ठेवा. तिन्हींपैकी एक डोळा मऊ असतो, नारळाचा कोंब तिथूनच बाहेर येतो. तो खिळ्याने टोचला की पाणी निचरायला आपोआप भोक तयार होते. तळाला सोडणाचा थोडा भुसा, वर माती आणि कुजलेले शेणखत अर्धे-अर्धे मिसळून भरा. त्यात मिरची, वांगी किंवा तुळस यांचे बी टाका. प्रत्येक मुलाची करवंटी वेगळी ठेवा. कोळशाने नाव घालून द्या. लावणीच्या वेळी करवंटी आपटून रोप मातीसह काढावे आणि करवंटी पुन्हा वापरावी. प्लास्टिकच्या पिशवीसारखी ती शेतात अडकून राहत नाही.

दुसरा अर्धा भाग, ज्याला डोळे नाहीत, तो वाटीसाठी. बाहेरच्या शेंड्या सुरीने काढून घासकागदाने घासावा आणि खोबरेल तेल चोळावे. चार दिवस रोज घासले की करवंटी काळी, तुकतुकीत होते. दोन्ही बाजूंना भोके पाडून सुंभाने काठीला टांगली की तराजू. त्यात सागरगोटे विरुद्ध चिंचोके तोलत लहान मुले तासभर बसतात.

तिसऱ्यांची माळ आणि जास्वंदीची शाई

पुळणीवरचे शिंपले गोळा करताना त्यात जीव आहे का ते पाहावे. कित्येक शंखांत खेकड्याचे बिऱ्हाड असते, ते तिथेच ठेवावे. खरे तर त्यांची गरजही नाही. घरात तिसऱ्यांचे तिखले झाले, की टोपलीभर शिंपले उरतात. ते उकळून, घासून, उन्हात वाळवावेत. भोक पाडायला खिळा-हातोडी नको, त्याने शिंपला फुटतो. जोडाजवळचा फुगीर भाग जांभ्यावर घासत राहावे. तो झिजून आपोआप बारीक भोक पडते. मग सुंभाच्या बारीक दोऱ्यात ओवून माळ करावी, नाहीतर हिराला टांगून दारात लावावी. वारा आला की किणकिणते.

माळेत बियाही घालता येतात. चिंचोके, रिठ्याच्या बिया, सागरगोटे चालतील. गुंज मात्र घालू नका. लाल-काळी गुंज फार सुंदर दिसते, पण तिच्या बीत जहाल विष असते. भोक पाडताना निघालेली भुकटी किंवा मुलाने चावलेली एखादी गुंज जिवावर बेतू शकते.

चित्रांसाठी रंग हवे असतील तर विकतच्या पुड्या आणू नका. लाल जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट रंग उमटतो. त्यावर लिंबाचा रस बोटाने लावला की तो लाल होतो आणि चुन्याची निवळी लावली की हिरवट. चुन्याचे काम मोठ्यांनी करावे, डोळ्यांत जाऊ देऊ नये. हळदीत चुना मिसळला की लाल. दिव्याच्या काजळीत थोडा डिंक कालवला की काळी शाई. गेरू तर घरात असतोच.

माटवी

आता मुख्य गोष्टीकडे येते. गणपतीच्या वर छताला टांगायची चौकोनी लाकडी चौकट म्हणजे माटवी. गोव्यात तिला माटोळी म्हणतात. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे शिपटे, केळी, तवसे, शिराळे, चिबूड हे घरच्या परसातून येते. आणि सड्यावरून, रानातून येतात कांगण्यांचे घोस, कवंडळाची लाल फळे, हरणाची पिवळी फुले, पांढऱ्या पानांची सरवड, तेरडा. बांधायला केळीचे सोपट. विसर्जनानंतर नारळ-सुपारी प्रसादाची, भाजी घरची आणि बाकी सारे शेणखताच्या खड्ड्यात. समुद्राला पचवावे लागेल असे काहीच उरत नाही.

२०१८ पासून आमची मुले सासूबाईंबरोबर सड्यावर जाऊ लागली. कोणते झाड कुठल्या बांधावर, कोणती वेल कुठल्या कुंपणावर, हे त्यांना तोंडपाठ. सरवडीचे जे पांढरे दिसते ते फूल नव्हे, खरे फूल मधले लहान केशरी, हे मला स्वतःला तेव्हा कळले. त्यांचा नियम एकच, एका वेलीवर दहा घोस असतील तर दोन काढायचे. बाकीचे पाखरांना आणि पुढच्या वर्षाला.

एकदा थोरली एक लाल-पिवळे, ज्वाळेसारखे फूल घेऊन आली. सासूबाईंनी काही न बोलता ते तिच्या हातातून काढून घेतले आणि तिला हात धुवायला लावले. ती कळलावी, तिला वाघनखीही म्हणतात. काही घरांत ती माटवीला बांधतात, पण तिचे सर्वांग विषारी, कंद तर फारच. कवंडळही कडूजहर. दोन्ही मोठ्यांनीच बांधावीत आणि लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. असे ज्ञान पुस्तकातून आले असते तर थोरलीने ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिले असते. तेव्हापासून ती धाकट्याला सांगते.

गेल्या वर्षी सासूबाईंना सड्यावर चढवले नाही, गुडघ्यांनी साथ सोडली. त्या खळ्यात पाट टाकून बसल्या आणि मुलांना पाठवले. मुले टोपली भरून आली. सासूबाईंनी एकेक जिन्नस उचलून नाव विचारले. चौदांपैकी अकरा नावे थोरलीला आली. तीन आली नाहीत. मला विचारले, तर मलाही ती तीन आली नाहीत. त्या क्षणी माझ्या पोटात काय झाले ते मी सांगू शकत नाही. मी त्याच संध्याकाळी वही आणून ती चौदाही नावे, झाडाची जागा आणि खूण यांसह त्यांच्याकडून लिहून घेतली.

हातकाम कुठवर जाते

हे सारे पोरखेळ आहेत, यातून पुढे काय, असे घरातले कोणी विचारील. आपल्याच जिल्ह्यात उत्तर आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा आज दूरवर ओळखल्या जातात. गंजिफांची कला बुडायला आली असताना सत्त्वशीलादेवी भोसले यांनी कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. तिथले परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले, त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या कला मुळात शाळेत शिकवलेल्या नव्हत्या. घरात बापाच्या शेजारी बसून मुलाने उचललेल्या होत्या.

आपल्या प्रत्येकाच्या घरातून कारागीर निघेल असे नाही, निघायची गरजही नाही. पण ज्या मुलाने होडीत नीरम ठेवून पाहिले, कोय घासली, करवंटीत मिरची रुजवली, त्याला आपल्या परसातल्या वस्तूची किंमत कळते. उद्या तो मुंबईला गेला तरी कळते.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला खळ्यात बसवा. मुलांना परसातून दहा वस्तू आणायला सांगा. प्रत्येकीचे नाव आणि उपयोग त्यांना विचारून मुलांच्याच हाताने वहीत उतरवा. वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव घाला. मग पोय भिजत टाका. होडी दुसऱ्या दिवशी करता येईल.